नाताळाची तयारी केव्हा सुरू होते?

‘नाताळ’ हा शब्द मराठीत पोर्तुगीज भाषेतून आला आणि त्या भाषेत तो जन्मवाचक लॅटिन शब्दावरून आला. कॅथलिक उपासनावर्षाचा आरंभ मात्र या जन्मोत्सवाने होत नसून त्याची वाट पाहण्यासाठी नेमून दिलेल्या आगमनकाळाने होतो. ३० नोव्हेंबरला सर्वांत जवळ असणाऱ्या रविवारी हा काळ सुरू होतो, त्यात चार रविवार येतात, आणि नाताळ कोणत्या वारी पडतो त्यानुसार त्याची लांबी २२ ते २८ दिवसांची होते. या दिवसांत धर्मगुरूंची वस्त्रे जांभळी असतात, तिसऱ्या रविवारी ती गुलाबी असू शकतात, आणि हिरव्या पानांच्या चक्रावर मांडलेल्या चार मेणबत्त्यांपैकी दर रविवारी एकेक अधिक पेटवली जाते. मेणबत्त्यांचे हे चक्र प्रथम १८३९ मध्ये हॅम्बुर्ग येथे योहान हिन्रिख विखेर्न या प्रॉटेस्टंट धर्मसेवकाने आपल्या आश्रयगृहातील मुलांसाठी केले असे मानले जाते. सणाला अजून किती दिवस उरले हा मुलांचा रोजचा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर त्यांना डोळ्यांनी मोजता यावे, म्हणून त्या पहिल्या चक्रावर रविवारच्या मोठ्या मेणबत्त्यांबरोबर इतर वारांच्या लहान मेणबत्त्याही होत्या.

वसई परिसरातील मराठी बोलणाऱ्या कॅथलिक घरांत, गोव्यात आणि मुंबईच्या जुन्या गावठाणांत हेच चार आठवडे दुसऱ्या एका तयारीने भरून गेलेले असतात. घराची साफसफाई, रंगरंगोटी, शिंप्याकडच्या फेऱ्या, येशूजन्माचा देखावा म्हणजे गोठा, दारावरचा तारा, फराळ, पाहुण्यांची अंथरुणे, परगावच्या नातेवाइकांना फोन आणि शेजाऱ्यांकडे पाठवायची ताटे ही सारी कामे त्याच दिवसांत उभी राहतात. परिणामी उपासनेने शांतपणे वाट पाहण्यासाठी राखलेला काळ घरातल्या स्त्रियांच्या वाट्याला वर्षातील सर्वांत दगदगीचा काळ म्हणून येतो. ही घरगुती तयारी सप्टेंबर-ऑक्टोबरातच हाती घेतली तर सण शांततेत पार पडेल काय, की चार आठवड्यांची दगदग चार महिन्यांवर पसरेल, हा या लेखाचा प्रश्न आहे.

त्याच्या दोन्ही बाजू नीट दिसाव्यात म्हणून येथे वसईतील एकाच घरात राहणाऱ्या दोन जावा कल्पिल्या आहेत. थोरलीचे माहेर गोव्याचे असून तिने या स्वयंपाकघरात तीस नाताळ उभे केले आहेत. धाकटी विरार-चर्चगेट लोकलने रोज मुंबईला नोकरीला जाते. दोघी दोन मतांच्या प्रतिनिधी आहेत, प्रत्यक्ष व्यक्तींची ती चित्रे नव्हेत.

धाकटी : जाऊबाई, यंदा सप्टेंबरातच एक वही घालावी असा विचार आहे. दरवर्षी डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात घरातले प्रत्येक माणूस दुसऱ्यावर खेकसत असते आणि चोवीस तारखेला रात्रीच्या मिस्साला उभे राहिले की गायन कानावर पडायच्या आत डोळे मिटू लागतात. केकमधला सुकामेवा रममध्ये जितका आधी भिजवावा तितका चांगला मुरतो. शिंपी ऑक्टोबरात निवांतपणे माप घेतो आणि डिसेंबरात दारातूनच परत पाठवतो. पडदे, चादरी, मुलांच्या भेटवस्तू यांना तर काही ऋतू नाही. जे काम आधी होऊ शकते ते शेवटच्या आठवड्यासाठी का राखून ठेवायचे?

थोरली : अगं, वही घालायला कोणाची ना नाही; पण वही सप्टेंबरात उघडली की काळजीही सप्टेंबरात उघडते. आज चार आठवडे जीव टांगणीला लागतो, उद्या तो चार महिने लागेल. आणि घरात गर्दी झाली, पोरे कुलकुलांच्या परातीभोवती बसली, एकीने तळले, दुसरीने पाकात घोळले, की नाताळ आला हे कळते. सगळे डबे आधीच भरून फळीवर गेले, तर पंचवीस तारखेला या घरात उघडायला राहते काय?

थोरलीच्या उत्तरात दोन वेगवेगळी म्हणणी एकत्र आली आहेत, आणि त्यांचा विचार वेगवेगळाच केला पाहिजे. पहिले म्हणणे काळजीविषयी आहे. ब्लूमा झाइगार्निक या मानसशास्त्रज्ञ स्त्रीने १९२७ मध्ये बर्लिन येथील आपल्या प्रयोगांवरून असे मांडले की पूर्ण झालेल्या कामापेक्षा अर्धवट राहिलेले काम मनात अधिक टिकून राहते. त्या निष्कर्षाला पुढच्या सर्वच प्रयोगांत दुजोरा मिळाला नाही, तरी अपुरे काम मन कुरतडते हा अनुभव कोणत्याही गृहिणीला समजावून सांगावा लागत नाही. थोरलीच्या शंकेला अधिक थेट भिडणारा अभ्यास मॅसिकँपो आणि बाउमायस्टर यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केला असून त्यात असे दिसले की काम प्रत्यक्ष झालेले नसले, तरी ते केव्हा, कोठे आणि कसे करायचे याचा नेमका बेत एकदा ठरला म्हणजे त्या कामाची मनाला लागलेली टोचणी बरीचशी थांबते. म्हणजे वही उघडल्याने काळजी जन्माला येत नाही. ती आधीपासून असतेच, वहीत उतरल्यावर तिला बसायला जागा मिळते. मात्र येथे एक अट आहे आणि ती सहज नजरेआड होते: नुसत्या यादीने हे घडत नाही. ‘पडदे’ एवढाच शब्द लिहिलेली यादी टोचणी तशीच ठेवते. ‘पडदे ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी धुवायला काढायचे’ असे लिहिलेली वही ती कमी करते.

थोरलीचे दुसरे म्हणणे सोबतीविषयी आहे आणि ते इतके सहज बाजूला सारता येण्यासारखे नाही; त्याकडे पुढे यावे लागेल.

धाकटी : बेत नेमका नसतो म्हणूनच तर सगळे शेवटच्या आठवड्यात कोसळते. दरवर्षी वाटते की फराळाला तीन संध्याकाळी पुरतील, लागतात सहा.

तिची ही तक्रार अभ्यासकांच्या ओळखीची आहे. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये ‘नियोजनदोष’ ही संकल्पना मांडली. आधी अशाच कामांना किती वेळ लागला हे ठाऊक असूनही माणूस पुढच्या कामाला लागणारा वेळ कमीच धरतो, असा तिचा आशय आहे. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांच्या १९९४ च्या अभ्यासात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी सरासरी सुमारे ३४ दिवसांचा अंदाज दिला आणि त्यांना प्रत्यक्षात सरासरी ५५ हून अधिक दिवस लागले. यामागचे कारण या प्रश्नात फार उपयोगाचे आहे: अंदाज बांधताना मन पुढच्या कामाचे सुरळीत चित्र रंगवते, त्यात वीज जात नाही, मूल तापाने फणफणत नाही, पिठाची गिरणी बंद नसते, मागच्या वर्षी काय घडले ही नोंद त्या चित्रात उतरतच नाही. तेव्हा धाकटीच्या वहीची खरी उणीव अशी की ती सप्टेंबरात उघडली जाते. अंदाजाला नोंदीचा आधार हवा असेल तर वही सण संपताच उघडायला हवी, म्हणजे ६ जानेवारीला येणाऱ्या तीन राजांच्या सणाच्या सुमारास गोठा उतरवताना, जेव्हा मैदा किती लागला, कोणता पदार्थ उरून गेला आणि कोणते ताट पाठवायचे राहिले हे अजून ताजे असते.

थोरली : ‘लवकर’ हा शब्द तू नव्याने शिकल्यासारखा वापरतेस, पण आपल्या सासूबाईंना तुझा सप्टेंबर उशिराचाच वाटला असता. नाताळाच्या जेवणातला मसाला त्या मे महिन्यात बाटल्यांत भरून मोकळ्या होत. तेव्हा वही नव्हती, पण ऊन होते. ऊन सांगेल तेव्हा काम निघे.

या मसाल्याजवळ थोडे थांबायला हवे, कारण सणाच्या पूर्वतयारीचा इतका जुना आणि इतका नेटका नमुना दुसरा सापडणे कठीण आहे. मुंबई, साष्टी आणि वसई परिसरातील मूळ कॅथलिक रहिवाशांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, संस्था स्थापून ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले, आणि त्यांच्या स्वयंपाकाची ओळख असलेला मसाला ‘बॉटल मसाला’ म्हणून ओळखला जातो. एप्रिल-मेच्या कडक उन्हात मिरच्या, हळद, धणे आणि वीसहून अधिक जिन्नस वाळवतात, एकेक जिन्नस वेगळा भाजतात, कारण खसखशीला जेवढी आच पुरते तेवढीत दालचिनी कच्चीच राहते, आणि मग लाकडी उखळात लांब मुसळांनी दोघीतिघी समोरासमोर उभ्या राहून आळीपाळीने घाव घालीत ते कुटतात. तयार भुकटी बिअरच्या गडद रंगाच्या बाटल्यांत दाबून दाबून भरतात, जेणेकरून आत हवा राहू नये आणि उजेडाने रंग व वास उडू नये. बाटलीवरूनच मसाल्याला नाव पडले. पाऊस सुरू होण्यापूर्वी हे काम संपले नाही तर ते वर्षभर होत नाही, ही त्यातली कळीची गोष्ट आहे. मे महिन्यात भरलेली बाटली डिसेंबरात उघडते तेव्हा सणाचे निम्मे कष्ट सात महिन्यांपूर्वीच होऊन गेलेले असतात, आणि त्यांची कोणाला काळजीही वाटलेली नसते, कारण ते उन्हाळ्याचे काम म्हणूनच केलेले असतात.

जुन्या घराची डिसेंबरातली गर्दीही बेशिस्तीतून आलेली नव्हती. वसईच्या शेतीत भाताची कापणी आणि झोडणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात उरकत असे. नवे तांदूळ घरात आलेले, शेतातले मनुष्यबळ मोकळे झालेले आणि हवा कोरडी, अशा दिवसांत नाताळ येई. फराळाचे काम शेवटच्या पंधरवड्यात एकदम काढणे हे त्या जीवनक्रमात शहाणपणाचेच होते, कारण रिकामे हात नेमके तेव्हाच मिळत. आज त्याच घरातली माणसे पगारी नोकरीत आहेत, त्यांना नाताळाच्या आधी सुटी नसते, आणि सकाळी लोकलमध्ये शिरलेली व्यक्ती रात्री आठनंतर पीठ मळायला उभी राहते. थोरली ज्या गर्दीचे गुणगान करते ती गर्दी फावल्या वेळेची होती. फावला वेळ गेला आणि गर्दीची सवय मागे राहिली. शांत नाताळ हवा असेल तर याच बदलाची दखल आधी घ्यावी लागते, आणि येथे धाकटीची बाजू निःसंशय बळकट आहे.

काही कामांत तर निवडच उरलेली नाही. मुंबईत राहणाऱ्या गोव्याच्या कुटुंबांना नाताळासाठी कोकण रेल्वेने गावी जायचे असते, आणि १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली असल्याने २३ डिसेंबरच्या गाडीचे आरक्षण २४ ऑक्टोबरला खुले होते. त्या दिवशी सकाळी ज्याच्या लक्षात राहिले तो निश्चिंत होतो आणि ज्याच्या राहिले नाही तो डिसेंबरभर प्रतीक्षा यादीतला क्रमांक पाहत बसतो.

थोरली : तिकिटाचे आणि शिंप्याचे मान्य. पण एक विचारते, राग मानू नकोस. या वहीत लिहिलेली कामे करणार कोण? ऑक्टोबरात पडदे धुवायचे, नोव्हेंबरात सुकामेवा चिरायचा, डिसेंबरात केक. हे सारे तूच लिहिणार आणि तूच करणार. लवकर तयारीचे जे जे सल्ले छापून येतात ते सगळे बाईलाच उद्देशून असतात. शेवटच्या आठवड्यात निदान घरातले पुरुष हाताशी असतात, कारण त्यांना धावपळ डोळ्यांसमोर दिसते. ऑक्टोबरातली धावपळ कोणाला दिसणार?

या संवादातील हा सर्वांत मोलाचा आक्षेप आहे. सणाच्या कामाचे दोन थर असतात: एक हातांनी करायचे काम आणि दुसरे ते काम आठवणे, ठरवणे, वाटून देणे आणि झाले की नाही हे पाहणे. दुसऱ्या थराला समाजशास्त्रात ‘मानसिक भार’ म्हणतात. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मोनिक एको यांनी १९८४ मध्ये हा विचार मांडला, आणि त्यांच्या मते घर व नोकरी ही दोन जगे एकाच वेळी डोक्यात बाळगावी लागणे हेच त्या भाराचे स्वरूप आहे. त्यानंतर तीन वर्षांनी अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ मायकेला दि लिओनार्दो यांनी शुभेच्छापत्रे, फोन, भेटवस्तू आणि सणाचे जेवण यांच्याकडे ‘आप्तसंबंधांचे काम’ म्हणून पाहावे असे सुचवले. घराघरांतील नाती जिवंत ठेवणारे हे खरेखुरे श्रम आहेत, ते बहुतांशी स्त्रियाच करतात आणि ते होत असताना काम म्हणून कोणाच्या नजरेतही येत नाहीत, असे त्यांचे प्रतिपादन होते. भारतात २०१९ मध्ये झालेल्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरातले विनामोबदला काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवताना आढळल्या आणि असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. शिवाय मुळात असे काम करणाऱ्या पुरुषांचे प्रमाण पुष्कळच कमी होते.

या पार्श्वभूमीवर लवकर तयारीचा सल्ला दुधारी ठरतो. तो मानसिक भाराला हात न लावता फक्त त्याची तारीख मागे नेत असेल, तर थोरलीचे म्हणणे शब्दशः खरे ठरते: दगदग लांबते आणि ती अदृश्य होत असल्याने एकटीच्याच अंगावर पडते. धाकटीकडे यावर उत्तर आहे, पण ते देताना तिला आपली मूळ भूमिका थोडी बदलावी लागते.

धाकटी : आज ही वही कोठे आहे, जाऊबाई? तुमच्या डोक्यात आहे. बेकरीला भट्टीसाठी कधी सांगायचे, कोणत्या आत्याला कोणता डबा, कोणत्या शेजाऱ्याला अंडे चालत नाही, हे घरात तुमच्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. तुम्ही एक दिवस आजारी पडलात तर या घरात नाताळ कसा करायचा हे विचारायलाही माणूस नाही. ऑक्टोबरात भाऊजींची मदत होणार नाही म्हणता, पण त्यांना काय करायचे ते दिसणार कोठून? कागदावर आले तर निदान वाटून तरी देता येईल.

थोरली : वाटून दिले की झाले असे नसते, अगं. सांगावे लागणे हेसुद्धा एक कामच असते.

धाकटी : म्हणून तर नाव लिहायचे. ज्याचे नाव, त्याने आठवण न करता करायचे. राहिले तर राहिले, त्या वर्षी तो पदार्थ नाही.

थोरलीला या शेवटच्या वाक्याचा धक्का बसणे स्वाभाविक आहे, कारण ताट अपुरे राहणे हे तिच्या पिढीत घराचे अपयश मानले जाई आणि ते घराचे म्हटले तरी प्रत्यक्षात एकाच व्यक्तीच्या पदरी पडे. ती आपल्या आक्षेपाला धर्माचा आधार देते.

थोरली : शुभवर्तमानात मार्था आणि मरिया यांची गोष्ट आहे. मार्था राबत राहिली आणि मरिया प्रभूच्या पायाशी ऐकत बसली. चांगला वाटा मरियेने निवडला असे सांगितले आहे. तुझी वही म्हणजे सप्टेंबरापासून मार्था होणे नाही का?

ही गोष्ट लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायाच्या शेवटी येते आणि आगमनकाळात घर व उपासना यांच्या ओढीविषयी बोलताना तिचा आधार वारंवार घेतला जातो. तेथे मार्थेच्या अवस्थेसाठी मूळ ग्रीक संहितेत जे क्रियापद आले आहे त्याचा अर्थ चहूबाजूंनी ओढले जाणे असा असून मराठीतला ‘ओढाताण’ हा शब्द त्याच्या फार जवळ जातो. येशूच्या बोलण्यात स्वयंपाकाला नावे ठेवलेली नाहीत. ती पुष्कळ गोष्टींची काळजी करते आहे आणि अस्वस्थ झाली आहे, याकडे त्याने लक्ष वेधले आहे. योहानाच्या बाराव्या अध्यायात बेथानी गावी पुन्हा भोजन होते, तेथेही मार्थाच वाढत असते, आणि तेथे तिला कोणी काही म्हणत नाही. दोन प्रसंगांत काम तेच आहे. पहिल्यात ती ओढली गेली आहे, दुसऱ्यात ओढाताणीचा उल्लेख नाही. आणि पहिल्या प्रसंगात मार्थेने मागितले होते ते एवढेच की बहिणीला हातभार लावायला सांगावे. कष्टांनी वाकलेल्या माणसाची ही मागणी हजारो प्रवचनांत ऐकली जाते आणि तिच्यातला न्याय क्वचितच कोणी थांबून पाहतो. थोरलीने या गोष्टीचा दाखला धाकटीविरुद्ध दिला असला, तरी ती नीट वाचल्यास धाकटीच्या वहीला, निदान नावांच्या रकान्याला, ती बळच देते.

आता सोबतीचा मुद्दा. सणाची सर्व कामे लवकर उरकण्यासारखी नसतात, आणि एखादे काम टिकाऊ आहे एवढ्यावरून ते आधी करावे असे ठरत नाही. रममध्ये भिजवलेला बेदाणा आणि संत्र्याच्या सालीचा मुरंबा बरणीत महिनोन्महिने सुधारत जातो, म्हणून ते काम पावसाळा सरताच करून टाकणे उत्तम. व्हिनेगरात शिजवलेले सोरपोतेल हे डुकराच्या मांसाचे कालवण दोन-तीन दिवसांत, रोज एकदा गरम करीत गेले की, अधिक रुचकर होते. ते बावीस तारखेला तयार असले तर पंचवीस तारखेला चुलीजवळ कोणाला उभे राहावे लागत नाही. ओल्या नारळाच्या सारणाची नेवरी लवकर खराब होते, तेव्हा तिला शेवटचेच दिवस. दोदोलाची गोष्ट निराळी आहे: तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि माडाचा काळा गूळ जाड बुडाच्या भांड्यात एकत्र करून मिश्रण कडा सोडीपर्यंत आणि तेल वर येईपर्यंत तासन्‌तास ढवळावे लागते, हात थांबला की बुडाला लागते, येथे तारखेपेक्षा खांदे महत्त्वाचे.

कुलकुले मात्र वेगळीच आहेत. मैदा, थोडा रवा, नारळाचे दूध, लोणी आणि अंडे यांचे पीठ मळून त्याच्या बोराएवढ्या गोळ्या करतात. गोळी काट्याच्या किंवा नव्याकोऱ्या कंगव्याच्या दातांवर ठेवून अंगठ्याने दाबत पसरवतात आणि एका कडेने गुंडाळत सोडवतात, त्यामुळे तिच्यावर रेषांचा शिंपल्यासारखा वळसा उमटतो. मोठ्या माणसाचे कुलकुल घट्ट आणि सारखे वळलेले असते. पाच वर्षांच्या मुलाचे एका बाजूला जाड राहते, तळताना अर्धवट उलगडते, आणि डब्यातून निघाले की ते कोणाचे हे सगळ्यांना ओळखू येते. तळून, साखरेच्या पाकात घोळून, हवाबंद डब्यात ठेवलेली कुलकुले कित्येक आठवडे चांगली राहतात. केवळ टिकाऊपणाच्या हिशोबाने ती नोव्हेंबरात एखाद्या सुटीला एकटीने करून टाकता येतील, किंवा बाजारातून किलोवर आणता येतील, आणि वहीतली एक ओळ खोडली जाईल. पण दीडदोनशे गोळ्या वळायला दहा हात आणि एक दुपार लागते, त्या दुपारी मुले आजीच्या अंगठ्याकडे बघून शिकतात, आणि नातेवाइकांच्या ज्या गोष्टी एरवी कोणी सांगत नाही त्या परातीभोवती निघतात. हे काम लवकर उरकणे म्हणजे ते गमावणे होय. थोरली ज्या गर्दीसाठी भांडत होती ती हीच, आणि या ठिकाणी तिचे म्हणणे पूर्णपणे मान्य केले पाहिजे.

यावरून तयारीची विभागणी निराळ्या रेषेने करावी लागते. जे काम एकट्याने करायचे असते, ज्यात कोणाच्या सोबतीने भर पडत नाही, ते जितके मागे नेता येईल तितके न्यावे, म्हणजे मिळून करायच्या कामासाठी डिसेंबरात जागा उरते. धाकटीची वही आणि थोरलीची गर्दी यांच्यात खरा विरोध नाही, कारण वहीने पडदे, तिकिटे, शिंपी आणि सुकामेवा उचलून नेले तरच परातीभोवती बसायला दुपार सापडते. आज होते ते नेमके उलटे: मिळून करायची कामे वेळ नाही म्हणून बेकरीकडे जातात आणि एकटीने करायची कामे तेवीस तारखेच्या रात्रीपर्यंत एकटीकडेच राहतात.

धाकटी : म्हणजे कुलकुलांचा दिवस आधी लिहायचा आणि बाकीची वही त्याच्या मागे भरत न्यायची. आगमनकाळाचा तिसरा रविवार चालेल?

थोरली : चालेल. त्या दिवशी सकाळच्या मिस्सानंतर सगळे घरी असतात. गोठ्यासाठी भात पेरायचे तेही त्याच्या आधीच्या आठवड्यात, म्हणजे रोपे नाताळापर्यंत हिरवीगार होतात. ते पोरांच्या नावावर टाक.

धाकटी : आणि दोदोल?

थोरली : दोदोलापुढे आमच्या ह्यांचे नाव लिही, आणि त्याखाली तुझ्या नवऱ्याचे. दोघांनी आळीपाळीने ढवळायचे. गूळ आणायचाही त्यांनीच, आणि तो आणायचा आहे हे कोणी त्यांना सांगायचे नाही.

धाकटी : राहिला तर?

थोरली : राहिला तर दोदोल नाही, असे तूच म्हणालीस. मैदा मागच्या वर्षी किती लागला ते कोठे लिहून ठेवले आहे का?

धाकटी : नाही, जाऊबाई. अंदाजानेच आणला होता आणि दोनदा पुन्हा दुकानात जावे लागले.

थोरली : मग पहिले पान कोरे सोड. सहा जानेवारीला गोठा उतरवू तेव्हा ते भरायचे.